आबांची नाडी ३८ वर आली, तात्यांनी बोलता बोलता मान टाकली. दोन्ही अटॅकच, मग फरक कुठला?

माळरान_औसा · रविवार, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात आमच्या आबांना अटॅक आला. वय ६३. आता घरी आहेत, दुधात भाकरी कुस्करून खातात आणि सोयाबीनचा भाव विचारतात, म्हणजे बरे आहेत. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतोय.

त्या आठवड्यात थ्री फेज रात्री बारानंतर होती. आबा हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले. चारच्या सुमारास परत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "छातीत नुसतं आवळल्यावानी होऊलालंय. रातचं जेवण आंबलं वाटतं." घाम असा की बनियन पिळावं. दोनदा उलटी. आईनं ओवा-सोडा दिला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर पित्ताचं इंजेक्शन देऊन बाकड्यावर झोपवलं. ईसीजी काढणारा माणूस सकाळी येणार होता म्हणे. दीड तास तसाच गेला. शेवटी मीच गाडी काढून लातूर गाठलं. तिथं दोन मिनिटांत ईसीजी निघाला. खालच्या भिंतीचा अटॅक आणि त्यात हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोका वरून खाली पोचेना. मॉनिटरवर नाडी ३८. मला वाटलं, संपलं.

त्यांनी एक इंजेक्शन देऊन नाडी पन्नाशीवर आणली, मांडीच्या नसेतून तात्पुरत्या पेसमेकरची तार घातली आणि उजवी रक्तवाहिनी शंभर टक्के बंद होती ती फुग्यानं उघडून स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी तार काढली. नाडी आपली आपण ७२.

आता तात्यांचं. आबांचे धाकटे भाऊ, वय ५१. तीन वर्षांपूर्वी बांधावर सालगड्याबरोबर उभे होते. छाती धरून खाली बसले, "जरा थांब" म्हणाले, त्यानंतर दहाएक मिनिटं बोलत होते आणि बोलता बोलताच मान टाकली. नाडी हळूहळू मंदावली वगैरे काही नाही.

एकाच घरचं रक्त, एकाच बंडलातल्या बिड्या. नस तुंबते म्हणजे पाइप तुंबतो, एवढं समजलं. पण पाइप तुंबल्यावर एकाची मोटार हळू पडते आणि दुसऱ्याची एका क्षणात बंद का पडते? दुसरं म्हणजे आबांच्या डिस्चार्जच्या कागदावर 'हृदयाचं पंपिंग ४५ टक्के' असं लिहिलंय. आई तेव्हापासून शेजारणींना सांगते की अर्ध्याहून जास्त हृदय मेलं. हे खरं आहे का?

दुधाची_साय · रात्री १०.०५

आबांना जपा भाऊ. पण उलटी, घाम, आंबट ढेकर हे सगळं पित्ताचंच लक्षण ना? दवाखान्यातल्या माणसाची तरी काय चूक. माझ्या सासऱ्यांना दर महिन्याला असं होतं. जिरं आणि काळं मीठ.

ईसीजीवाली_ताई · रात्री १०.५०

साय, सासऱ्यांचा एकदा तरी ईसीजी काढा. आणि माफ करा, पण चूक आहे. चाळिशीपुढचा माणूस, छाती आवळतेय, घाम फुटलाय, तर पित्त ठरवायच्या आधी ईसीजी काढायचा असतो. कागदाची एक पट्टी लागते फक्त. तीही पहिली साफ आली म्हणून घरी धाडायचं नसतं, पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायची. माझ्या हातून अशा पट्ट्या गेल्यात की पहिली बघून कुणीही म्हणेल काही नाही, आणि तिसरीवर डोंगर उभा.

उलटीचं सांगते. हृदयाची खालची भिंत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेली असते आणि तिच्यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूची टोकं जास्त. त्या भिंतीचं रक्त तुटलं की ही टोकं चेतवली जातात आणि मेंदूकडून उलटा हुकूम येतो: नाडी कमी कर, रक्तदाब उतरव. मळमळ, उलटी, थंड घाम हे त्याच हुकमाबरोबर येतं. म्हणून खालच्या भिंतीचा अटॅक पित्ताचं सोंग घेतो. गेल्या १४ वर्षांत हे सोंग किती जणांचं पाहिलं ते मोजलं नाही, पण दर हिवाळ्यात पाहते.

नाडी ३८ का झाली? हृदयाचा ठोका जिथून निघतो ती गाठ, सायनस नोड म्हणतात, तिला साधारण १०० पैकी ६० माणसांत उजव्या रक्तवाहिनीतून रक्त जातं. तो ठोका वरून खालच्या कप्प्यांत उतरवणारी दुसरी गाठ म्हणजे एव्ही नोड. तिचं रक्त तर ८५ ते ९० टक्के लोकांत उजवीकडूनच येतं. आबांची बंद झाली ती नेमकी उजवी. म्हणजे वरून हलगी वाजतेय पण खालच्या रांगेला ऐकूच जात नाही. मग खालची रांग स्वतःच्या अंदाजानं हळूहळू पाऊल टाकते. ती तुमची ३८.

दिलेलं इंजेक्शन बहुधा अ‍ॅट्रोपिन असणार, ते व्हेगसचा हुकूम दाबतं. आणि खालच्या अटॅकमधला हा ब्लॉक बहुतेक वेळा थोड्या दिवसांत सुटतो, कारण गाठ मेलेली नसते, उपाशी आणि दबलेली असते. म्हणून आबांची तार निघाली. पुढच्या भिंतीच्या मोठ्या अटॅकमध्ये असा ब्लॉक आला तर तिथं हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदाच करपलेला असतो. ते प्रकरण वेगळं आणि वाईट.

बार्शी_रोड · रात्री ११.१०

सगळ्यांनी खिशात सॉर्बिट्रेट ठेवा, छाती दुखली की जिभेखाली. विषय संपला.

ईसीजीवाली_ताई · रात्री ११.१८

विषय तिथं संपत नाही, कधीकधी माणूस संपतो. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये काही जणांचा उजवा कप्पाही सापडलेला असतो. त्यांना ती रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली की रक्तदाब धाडकन कोसळतो. आबांना त्या रात्री दिली असती तर? ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यानंच ती ठेवावी आणि सांगितली तशीच घ्यावी. घरात ठेवायची तर अ‍ॅस्पिरिन ठेवा. १०८ ला फोन लावायचा, लक्षणं सांगायची, आणि अ‍ॅलर्जी नसेल, कुठं रक्तस्राव नसेल तर ते सांगतील त्याप्रमाणे ती चावून खायची. गिळायची नाही, चावायची.

जुना_मास्तर · सोमवार, सकाळी ६.३०

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, आता अंबाजोगाईला घरी बसून तुरीवरच्या अळ्या मोजतो. ताईंनी आबांचं कोडं सोडवलं. तात्यांचं मी घेतो. शवविच्छेदन झालं नसेल तर नक्की कुणीच सांगू शकणार नाही, पण बोलता बोलता मान टाकणं हे फार ओळखीचं चित्र आहे.

पाइपाची उपमा मला पहिल्यापासून खटकते. पाइप तुंबला तर पुढचं शेत नुसतं वाळतं. हृदयाचं शेत वाळण्याआधी बिघडतं. पहिल्या तासात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या बिघाडानं. स्नायू मरायला तेव्हा अजून अवकाश असतो.

आधी हृदयाचं खाणंपिणं बघू. हातापायाचे स्नायू स्वस्थ बसले असताना आलेल्या रक्तातला पाव हिस्सा प्राणवायू घेतात आणि बाकीचा परत पाठवतात. काम वाढलं की जास्त काढून घ्यायला जागा असते. हृदय मात्र बसल्या जागीच ७० ते ७५ टक्के काढून घेतं. त्यामुळे काम वाढलं तर रक्तच जास्त यावं लागतं, दुसरी सोय नाही. त्यात डाव्या कप्प्याचा स्नायू आवळताना स्वतःच्याच रक्तवाहिन्या चेपतो. म्हणजे जो साऱ्या शरीराला पाणी पाजतो तो स्वतः पितो ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. नाडी पळायला लागली की हा विसावाच आखडतो. रात्री थंडीत पाणी देणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या गारठ्यानं आवळलेल्या, रक्तदाब चढलेला, हातात खोरं. गरज वाढलेली आणि प्यायला वेळ कमी.

इंधन म्हणाल तर निरोगी हृदय निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, जाळून मिळवतं, उरलेली साखर, लॅक्टेट (साखर अर्धवट मोडल्यावर उरतं ते) वगैरेंतून. ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी. हृदय दिवसाला साधारण ६ किलो एटीपी घडवतं आणि मोडतं. त्याचं स्वतःचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. आणि साठा किती? मोजक्या ठोक्यांपुरता. हातावर पोट असलेलं घर आहे ते. एक दिवस मजुरी चुकली की संध्याकाळी चूल नाही.

रक्तवाहिनी बंद पडली की काही सेकंदांत प्राणवायूवर चालणारी भट्टी थांबते. क्रिएटिन फॉस्फेट नावाचा थोडा गल्ला असतो तो आधी रिकामा होतो. मग पेशी साठवलेली साखर प्राणवायूशिवाय मोडायला लागते. ग्लुकोजच्या एका रेणूमागं जिथं तीसेक एटीपी पदरात पडायचे तिथं आता दोन. वर आम्ल साचतं, आणि ते वाहून न्यायला रक्तच फिरत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट नेहमी आवडायची. धडधाकट हृदय इतर स्नायूंनी टाकलेलं लॅक्टेट रक्तातून उचलून जाळतं. उपाशी हृदय उलट स्वतःच लॅक्टेट बाहेर टाकायला लागतं. सावकाराचा कर्जदार झाला की ओळखावं, रक्त तुटलंय.

आम्ल आणि सुटं फॉस्फेट साचल्यामुळे स्नायू मिनिटभरात आवळायचं सोडून देतो. १९३५ साली टेनंट आणि विगर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधली तेव्हा तो भाग थोड्याच वेळात थंड पडला आणि प्रत्येक ठोक्याला आत यायच्या ऐवजी बाहेर फुगू लागला. स्नायू जिवंत होता, फक्त संपावर गेला होता. मरण सुरू होतं ते साधारण २० मिनिटांनंतर, आणि तेही आतल्या थरापासून. ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक आधी सुकतं तसं. तिथून ते तासातासानं बाहेरच्या थराकडं सरकतं. राइमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये ही लाट मोजून दाखवली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि फुगा यांसाठी डॉक्टर घड्याळ बघतात ते या लाटेमुळे.

चहा घेऊन येतो. ताल अजून राहिलाय.

मोटार_रिवायंडिंग · सकाळी ७.१५

मास्तर, मी पंधरा वर्षं मोटारी भरतोय. व्होल्टेज कमी आलं की मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. संपावर जाणं वगैरे मला पटलं नाही, ते लो व्होल्टेजच झालं की.

जुना_मास्तर · सकाळी ८.०५

तुमचं लो व्होल्टेज मला पुढं लागणारच होतं, बरं झालं आणलंत.

हृदयाच्या पेशीत पोटॅशियम आत भरलेलं असतं, बाहेर थोडं, लिटरमागं ४ मिलिमोल. या फरकावर पेशीच्या आतबाहेर साधारण ८५ ते ९० मिलिव्होल्टचा ताण तोललेला असतो, आत ऋण. हा फरक राखायला पंप लागतात आणि पंपाला एटीपी. एटीपी घटलं की पेशीच्या भिंतीतली एक खास दारं उघडतात, जी एरवी बंद असतात. १९८३ मध्ये जपानच्या नोमा यांनी ती दाखवली. त्यातून आणि आणखी वाटांनी पोटॅशियम बाहेर गळतं, रक्त थांबलेलं म्हणून तिथंच साचतं, आणि पाच-दहा मिनिटांत त्या तुकड्याभोवती ४ चं १० च्याही वर जातं.

आता व्होल्टेज पडलं. उणे ९० च्या जागी उणे ६० च्या आसपास. ठोका पुढं ढकलणारी सोडियमची दारं या व्होल्टेजला नीट खुली होत नाहीत. त्यामुळे वीज त्या तुकड्यातून रखडत जाते, काही ठिकाणी जातच नाही. शेजारचा तुकडा, ज्याला दुसऱ्या रक्तवाहिनीचं पाणी आहे, तो मात्र टवटवीत. पूर्ण मेलेला तुकडा तेवढा धोकादायक नसतो, बरं का. धोका अर्धवट उपाशी सीमेवर असतो.

लातूरकडं ऊस गेल्यावर पाचट पेटवताना पाहिलं असेल. एका बाजूनं आग लागते, पुढं जाते, मागं राख राहते आणि राखेत परत आग लागत नाही. निरोगी ठोका असाच एकदा जातो आणि विझतो. आता मधे एक ओला पट्टा आहे समजा. आग त्याला वळसा घालून धुमसत, सावकाश निघाली. आणि इकडं हृदयाची राख तर पाव-अर्ध्या सेकंदात पुन्हा पाचट होते! त्यात उपाशी तुकड्यात प्रत्येक विद्युत्-लहर आखूड झालेली असते. धुमसत आलेली आग वळसा पुरा करते तोवर जुनी जागा पेट घ्यायला तयार. ती गोल फिरायला लागते. मग फुटून दोन होतात, चार होतात. सारं हृदय थरथरतं, एकही ठोका धड पडत नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. त्या क्षणी रक्ताभिसरण शून्य. पाच-दहा सेकंदांत शुद्ध जाते. बोलता बोलता मान पडते.

तात्यांना दहा मिनिटं छातीत दुखत होतं आणि मग हे झालं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत रक्तवाहिनी बांधल्यावर अशा बिघडलेल्या तालाची पहिली लाट २ ते १० मिनिटांत येते आणि दुसरी साधारण १५ ते ३० मिनिटांच्या दरम्यान. माणसाचं घड्याळ अगदी तसंच चालतं असं नव्हे, पण मेळ बघा.

तेव्हा रोग एकच. आबांच्या बाबतीत उपासमार हलगीवाल्याच्या दारात झाली, तात्यांच्या बाबतीत बहुधा पेटणाऱ्या फडात.

दुधाची_साय · सकाळी ८.४०

म्हणजे पोटॅशियम वाईट? मग नारळपाणी, केळी बंद करायची का? आमच्याकडं आजाऱ्याला नारळपाणी नेतात सगळे.

जुना_मास्तर · सकाळी ९.००

नाही हो. मी म्हटलं ते पोटॅशियम हृदयाच्या त्या मूठभर तुकड्याभोवती साचलेलं, दंडातून घेतलेल्या रक्ताच्या रिपोर्टात ते दिसतही नाही. उलट अटॅकच्या वेळी साऱ्या शरीराचं पोटॅशियम कमी असेल, ३.५ च्या खाली, तर फिब्रिलेशनची भीती वाढते. उन्हाळ्यात जुलाब झालेला किंवा लघवीच्या गोळ्या घेणारा माणूस म्हणून जास्त जपावा लागतो. नारळपाण्याचा प्रश्न मूत्रपिंड अधू असलेल्यांसाठी. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

साखर_सोबती · सकाळी ९.२०

मला २२ वर्षं डायबेटीस. गेल्या वर्षी ईसीजीत जुना अटॅक निघाला. कधी आला मला पत्ताच नाही. एकदा पोळ्याच्या दिवशी फार दम लागला होता एवढंच आठवतं.

ईसीजीवाली_ताई · सकाळी ९.४५

तुमच्यासारखे पुष्कळ असतात. साखरेनं मज्जातंतू बोथट होतात, दुखण्याचा निरोप वर पोचत नाही. अशा वेळी दम, घाम, अचानक गळून जाणं यालाच दुखणं समजायचं. तसंही दुखणं सगळ्यात शेवटी येतं: आधी रसायन बिघडतं, मग स्नायू सैल पडत नाही, मग आवळत नाही, मग ईसीजी बदलतो, आणि मग छाती दुखते. दुखेपर्यंत वाट पाहणारा मुळातच उशिरा निघालेला असतो.

बार्शी_रोड · सकाळी १०.१०

एवढी रसायनं माहीत आहेत तर औषधानं का नाही सुधारत? सगळ्यांना स्टेंटच का? धंदा आहे.

जुना_मास्तर · सकाळी ११.३०

धंदा कुठं होत नाही म्हणा. पण आबांच्या बंद रक्तवाहिनीत टाकलेला स्टेंट त्यात बसत नाही.

रसायन सुधारायचे प्रयत्न झाले. भीती आणि वेदनेनं अ‍ॅड्रिनलिन उसळतं, त्यामुळे रक्तात मेदाम्लं वाढतात. मेद जाळायला तेवढ्याच ऊर्जेसाठी साखरेपेक्षा दहाएक टक्के प्राणवायू जास्त लागतो. मग विचार आला की अटॅकच्या रोग्याला ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम शिरेतून द्यावं, हृदय साखरेवर येईल. १९६० च्या दशकात मेक्सिकोच्या सोदी-पालारेस यांनी ते मांडलं. कागदावर इतकं देखणं की मी स्वतः वर्गात रंगवून शिकवलं. २००५ मध्ये २०,००० हून जास्त रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल आला, भारतातले रोगीही होते त्यात. मृत्यू कमी झाले नाहीत. पुढच्या वर्षी तो तास मी जरा खालच्या आवाजात घेतला.

ट्रायमेटाझिडिन नावाची गोळी मेद जाळण्याची एक पायरी दाबते, छातीदुखीच्या काही रोग्यांना देतात. बीटा ब्लॉकर नाडी कमी करून विसावा लांबवतात, ते तर खरंच कामाचं. पण रक्तवाहिनी पूर्ण बंद असताना रक्त परत आणण्याला पर्याय नाही. आलेलं रक्तसुद्धा सुखासुखी येत नाही, ते ताई सांगतील.

ईसीजीवाली_ताई · दुपारी २.१५

हो. रक्त गोठू न देणारं नव्हे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर किंवा फुगा फुगवल्यावर मॉनिटरवर अचानक रुंद, बेढब ठोक्यांची माळ सुरू होते, मिनिटाला साठ ते शंभरच्या आसपास. नवीन सिस्टर पहिल्यांदा बघते तेव्हा डॉक्टरांना हाका मारत पळते. मीही पळाले होते. सर शांतपणे म्हणाले, "बस खाली. नस उघडली." ती माळ बहुतेक आपोआप थांबते. पण कधी त्याच वेळी फिब्रिलेशनही होतं, म्हणून शॉकची मशीन शेजारी लागते. उपाशी पेशीत आम्ल आणि सोडियम साचलेलं असतं. रक्त आल्यावर त्याच्या बदल्यात कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मधेच स्वतःहून ठोके टाकते, असं आम्हाला शिकवलं होतं. मास्तर, चुकले तर सांगा.

जुना_मास्तर · दुपारी २.४०

चुकला नाहीत.

माळरान_औसा · रात्री ८.५०

दिवसभर फवारणी होती, आत्ता सगळं वाचलं. आबांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की पंधरा दिवस आधीपासून विहिरीच्या चढावर छाती भरून यायची, थांबलं की जायची. कुणाला बोलले नाहीत. "तुमी लगेच दवाखाना काढता" म्हणे. आणि ते ४५ टक्के राहिलंय. आई वाट बघतेय.

जुना_मास्तर · रात्री ९.३०

आईंना सांगा, १०० टक्के कुणाचंच नसतं, ऑलिंपिकवाल्याचंही नाही. कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो हा आकडा. धडधाकट माणसाचा साधारण ५५ ते ७०. आबांचा ४५ म्हणजे थोडा कमी. ५५ टक्के हृदय मेलं हा हिशोब साफ चुकीचा.

शिवाय तो आकडा पहिल्या आठवड्यातला. रक्त परत आलं तरी स्नायू लगेच कामाला लागत नाही, काही दिवस, कधी काही आठवडे दिपून गेल्यासारखा बसून राहतो. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी याला नाव दिलं, 'स्टन्ड', म्हणजे बधिर झालेलं हृदय. आणखी एक प्रकार असतो. रक्त महिनोन् महिने अपुरं असेल तर स्नायू काम कमी करून जगतो, पाणी कमी म्हणून निम्मं रान पडीक ठेवावं तसा. रक्त वाढवलं की त्यातला बराच पुन्हा उभा राहतो. दीड-दोन महिन्यांनी इको परत करा, तो आकडा खरा.

पंधरा दिवसांच्या दुखण्याबद्दल जपून सांगतो. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी कुत्र्यांची रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटं चारदा बांधून सोडली आणि मग ४० मिनिटं बांधली. एरवीच्या पाव हिश्श्याएवढाच स्नायू मेला. म्हणजे छोट्या उपासानं हृदय मोठ्या उपासाला तयार होतं. आबांना त्याचा काही फायदा झाला असेल. पण हे त्यांना सांगू नका, नाहीतर म्हणतील "बगा, बोललो नाही तेच बरं झालं". त्या पंधरा दिवसांत दाखवलं असतं तर कदाचित ती रात्रच आली नसती.

माळरान_औसा · मंगळवार, रात्री ९.१०

आईला सांगितलं. तिनं लगेच त्याच शेजारणींना फोन लावले.

एक वेगळंच झालं. आज सालगडी वाड्यावर आला होता, त्याला मोबाईलवरून ताईंचं आणि मास्तरांचं वाचून दाखवलं. तीन वर्षं तो मनात धरून बसलाय की तात्यांनी पाणी मागितलं होतं आणि तो विहिरीवरून पाणी आणेपर्यंत उशीर झाला. मी म्हणालो, पाण्यानं काही झालं नसतं. तो गप्प बसला. मग विचारलं, "मंग काय केल्यानं झालं असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

ईसीजीवाली_ताई · रात्री ९.५५

त्याला सांग की त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. थरथरणाऱ्या हृदयाला पुन्हा तालावर आणतो तो विजेचा शॉक, आणि तो येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात दाबत राहणं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. शिवारात शॉकची मशीन कुठली, हे मलाही माहीत आहे. तरी दाबत राहिलं तर मेंदूला थोडं रक्त जातं, १०८ ला वेळ मिळतो. मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी पाच सेंटिमीटर खोल, मधे छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

वाचून येत नाही ते. शनिवारी मला सुट्टी आहे, लातूरला बहिणीकडं येतेय. त्याला घेऊन ये, मी शिकवते. घट्ट भरलेली उशी आण.

माळरान_औसा · रात्री १०.०२

येतो. घरच्या उशा सगळ्या बसक्या. पोतं चालेल का?

ईसीजीवाली_ताई · रात्री १०.०६

चालेल. तुरीचं नको, फार टणक. सरकीचं आण, अर्धं भरलेलं.